कुपीतला रिसेप्टर: संशोधनासाठीचं मानवी प्रथिन आणि औषध यांत फरक काय?

आजचा विषय एका लहानशा काचेच्या कुपीत मावणारा आहे. या कुपीच्या तळाशी पांढरट पापुद्र्यासारखं काहीतरी असतं, कित्येकदा तर तेही दिसत नाही. लेबल मात्र भारदस्त असतं. ‘रिकॉम्बिनंट ह्यूमन टीएनएफ रिसेप्टर टू. १०० मायक्रोग्रॅम. केवळ प्रयोगशाळेतील संशोधनासाठी. माणसांवर वापरण्यासाठी नाही.’

आता गंमत पाहा. संधिवाताच्या एका प्रकारासाठी, ज्याला आपण आमवात किंवा ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतो, इटानरसेप्ट नावाचं इंजेक्शन दिलं जातं. त्या इंजेक्शनातल्या रेणूचा कामाचा भाग म्हणजे हाच रिसेप्टर. मग साहजिक प्रश्न येतो: एकाच प्रथिनाच्या एका कुपीवर ‘माणसांसाठी नाही’ आणि दुसरीवर डॉक्टरांची चिठ्ठी, असं का? घरात एखाद्याची बोटं सुजून वाकडी व्हायला लागलेली असतील, तर हा प्रश्न नुसता जिज्ञासेचा राहत नाही. आज त्याचंच उत्तर आपण शोधणार आहोत.

सुरुवात पिंपरीपासून

पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण म्हटलं की डोळ्यांसमोर गाड्या येतात, आणि त्यांचे सुटे भाग बनवणारे शेकडो कारखाने. पण या पट्ट्याची आणखी एक ओळख आहे. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘एच. ए.’, ही भारत सरकारची पहिली औषध कंपनी १९५४ साली पिंपरीत उभी राहिली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची मदत होती. पुढच्याच वर्षी तिथं पेनिसिलिन तयार होऊ लागलं. याच कंपनीच्या प्रयोगशाळेत तिरुमलाचार यांनी हॅमायसिन हे बुरशीविरोधी प्रतिजैविक शोधलं. त्याच्या नावातही हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचीच खूण आहे.

पेनिसिलिन कसं बनतं? मोठ्या टाकीत बुरशी वाढवायची, तिला साखर, हवा आणि योग्य तापमान द्यायचं. बुरशी स्वतःच्या स्वभावानुसार पेनिसिलिन सोडते, ते आपण गाळून घ्यायचं. म्हणजे सजीवाला कामाला लावून औषध बनवण्याची विद्या या मातीला सत्तर वर्षं माहीत आहे.

आजच्या कुपीतलं प्रथिन त्याच विद्येची पुढची पायरी आहे. फरक दोन. पहिला आकाराचा. पेनिसिलिन-जी या रेणूचं वजन रसायनशास्त्राच्या एककात ३३४ भरतं, इटानरसेप्टचं साधारण दीड लाख. म्हणजे साडेचारशे पट. एक नट आणि अख्खा गिअरबॉक्स यांच्यात असावा तसा हा फरक. दुसरा फरक असा, की बुरशी पेनिसिलिन मुळातच बनवते. मानवी रिसेप्टर मात्र कुठलीही बुरशी किंवा जिवाणू आपण होऊन बनवत नाही. त्यासाठी माणसाचं जनुक दुसऱ्या पेशीत घालावं लागतं. ‘रिकॉम्बिनंट’ या शब्दाचा अर्थ एवढाच: जनुक एकाचं, कारखाना दुसऱ्याचा.

रिसेप्टर म्हणजे काय?

आपल्या प्रतिकारयंत्रणेतल्या पेशी एकमेकींना रासायनिक निरोप पाठवतात. तो निरोप ज्या प्रथिनाला येऊन चिकटतो, ते पेशीच्या पृष्ठभागावरचं प्रथिन म्हणजे रिसेप्टर, मराठीत ग्राही. त्याचा एक भाग पेशीबाहेर असतो, एक छोटा तुकडा पेशीच्या आवरणात रुतलेला असतो आणि एक भाग आत. बाहेरचा भाग निरोप घेतो, आतला भाग तो पुढे पोचवतो.

आपला निरोप्या आहे टीएनएफ, ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर. १९७५ साली न्यूयॉर्कमध्ये लॉइड ओल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर प्रयोग करताना रक्तद्रवात एक घटक आहे असं दाखवलं, ज्याच्यामुळे उंदरांच्या काही गाठी काळ्या पडून मरत. म्हणून हे नाव पडलं. पुढे कळलं, की याचं रोजचं काम निराळंच आहे. जंतू शिरला की भक्षक पेशी टीएनएफ सोडतात आणि आजूबाजूच्या पेशींना सावध करतात: सूज आणा, ताप आणा, कुमक बोलवा. काम संपलं की हा निरोप थांबायला हवा. आमवातात तो थांबत नाही. सांध्यांत टीएनएफ सतत राहतं, सूज राहते, आणि कूर्चा व हाड झिजत जातं.

मग शरीर एरवी टीएनएफला आवर कसा घालतं? १९८० च्या दशकाच्या शेवटी स्वित्झर्लंड, इस्रायल आणि स्वीडनमधल्या संशोधकांना माणसाच्या लघवीत अशी प्रथिनं सापडली, जी टीएनएफला पकडून निकामी करत. तापाच्या रुग्णांची लघवी यासाठी उपयोगी पडली. ही प्रथिनं म्हणजे टीएनएफच्या रिसेप्टरचेच बाहेरचे तुकडे निघाले! पेशी स्वतःच्या पृष्ठभागावरचा रिसेप्टर कापून रक्तात सोडते. सुटलेला तुकडा टीएनएफला धरतो, पण आतला भागच नसल्यानं निरोप पुढे जात नाही. पत्र हाती पडतं, पण घरात कोणी वाचत नाही, असा प्रकार.

निसर्गाची ही युक्ती माणसानं उचलली. १९९० साली टीएनएफ रिसेप्टरची जनुकं हाती आली. अमेरिकेतल्या इम्युनेक्स कंपनीनं दुसऱ्या क्रमांकाच्या रिसेप्टरचा बाहेरचा भाग घेतला आणि त्याला मानवी प्रतिपिंडाची, म्हणजे अँटिबॉडीची शेपटी जोडली. शेपटीनं दोन गोष्टी साधल्या. दोन रिसेप्टर एकत्र जोडले गेले, त्यामुळे पकड घट्ट झाली. आणि रक्तातला मुक्काम वाढून तीन-चार दिवसांचा अर्धायुकाळ मिळाला. ९३४ अमिनो आम्लांचं हे जोडप्रथिन म्हणजे इटानरसेप्ट. अमेरिकेत त्याला १९९८ साली मान्यता मिळाली.

कुपी भरते कशी?

आता प्रयोगशाळेत हा रिसेप्टर कसा बनतो ते पायरीपायरीनं पाहू.

पहिला प्रश्न: ई. कोलाय या जिवाणूत का बनवत नाहीत? ते स्वस्त आहे, झटपट आहे, इन्शुलिन तसं बनतंच की. अडचण घडीची आहे. प्रथिन म्हणजे नुसती माळ नव्हे, ती ठरावीक पद्धतीनं दुमडावी लागते. या रिसेप्टरच्या बाहेरच्या भागात सिस्टीन नावाची अमिनो आम्लं पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या ठरावीक जोड्या गंधकाच्या बंधांनी एकमेकींना बांधल्या जातात. जोड्या चुकल्या तर घडी चुकते. जिवाणूच्या पेशीच्या आतलं वातावरण अशा बंधांना अनुकूल नसतं. शिवाय मानवी रिसेप्टरवर साखरेच्या साखळ्या असतात, त्या ई. कोलाय लावत नाही.

म्हणून सस्तन प्राण्यांच्या पेशी वापरतात. संशोधनाच्या कुपीसाठी बऱ्याचदा एचईके-२९३ या मानवी वंशाच्या पेशी, तर औषधासाठी बहुतेक वेळा सीएचओ, म्हणजे चायनीज हॅमस्टरच्या अंडाशयापासून आलेल्या पेशी. थिओडोर पक यांनी १९५७ साली वेगळ्या केलेल्या या पेशींच्या वंशजांवर आज जगातला मोठा औषधउद्योग चालतो.

पेशीत जनुक घालताना ते पूर्ण घालत नाहीत. आवरणात रुतणारा आणि आतला भाग वगळतात, म्हणजे प्रथिन पेशीला चिकटून न राहता बाहेरच्या द्रवात सुटतं. टोकाला एक खूणही जोडतात: हिस्टिडीन या अमिनो आम्लाचे सहा मणी. ही खूण निकेलला चिकटते. मग पेशींचा द्रव निकेलच्या कॉलममधून सोडला, की आपलं प्रथिन आत अडकतं आणि बाकीचं बरंचसं वाहून जातं. प्रतिपिंडाची शेपटी असेल तर त्याच कामाला प्रोटीन-ए नावाचा कॉलम लागतो. शेवटी आणखी शुद्धीकरण, गाळणी आणि थंडीत निर्वातात वाळवणं. झाली कुपी तयार.

ताथवडे, आकुर्डीकडच्या कॉलेजांत बायोटेक शिकणारी मुलं हे ऐकत असतील, त्यांच्यासाठी थोडं कामाचं. कुपी उघडण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये क्षणभर फिरवा, कारण पावडर झाकणाला चिकटलेली असते. विरघळवताना जोरात हलवू नका, फेस झाला की प्रथिनाची घडी मोडू शकते. एकदा विरघळवलं की छोटे छोटे भाग करून गोठवा. पुन्हा पुन्हा वितळवणं आणि गोठवणं हे प्रथिनाचं मरण.

वजन नव्हे, काम मोजायचं

कुपीत १०० मायक्रोग्रॅम प्रथिन आहे, यावरून ते जिवंत आहे का, म्हणजे काम करतं का, हे कळत नाही. त्यासाठीची एक जुनी, सोपी आणि सुंदर चाचणी आहे.

उंदराच्या एल-९२९ नावाच्या पेशी असतात. टीएनएफ आणि सोबत ॲक्टिनोमायसिन-डी दिलं, की या पेशी एका रात्रीत मरतात. आता ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये या पेशी वाढवायच्या. प्रत्येक खळग्यात टीएनएफ सारखंच टाकायचं, पण रिसेप्टर मात्र चढत्या प्रमाणात. दुसऱ्या दिवशी असं रसायन घालायचं, की जिवंत पेशी त्याचा जांभळा रंग करतील. रिसेप्टर नाही तिथं खळगा फिका, आणि रिसेप्टर वाढत जाईल तसा जांभळा गडद. अर्ध्या पेशी वाचवायला किती रिसेप्टर लागला, तो आकडा म्हणजे या कुपीची ताकद. घडी बिघडलेलं प्रथिन वजनाला पुरेपूर भरेल, पण खळगा फिकाच राहील.

आणखी एक धोका. कुपीत जिवाणूंच्या आवरणाचा अंश, म्हणजे एंडोटॉक्सिन, शिरलेलं असेल तर? भक्षक पेशींना टीएनएफ सोडायला लावणारा एंडोटॉक्सिनसारखा दुसरा उकसवणारा क्वचितच. म्हणजे टीएनएफ अडवायला टाकलेली कुपीच टीएनएफ तयार करवणार! प्रयोगाचा निष्कर्ष उलटा निघू शकतो. म्हणून चांगल्या लेबलवर एंडोटॉक्सिनची मर्यादा छापलेली असते. ती ओळ आधी वाचा, किंमत नंतर.

गेज आणि सुटा भाग

इथं आपल्याच पट्ट्यातलं उदाहरण घेऊ. भोसरी-चाकणच्या कुठल्याही मशीन शॉपमध्ये ‘गो, नो-गो’ गेज असतं. भाग त्यातून गेला तर ठीक, नाही गेला तर बाद. गेज अचूक लागतं, त्याचं कॅलिब्रेशन वेळच्या वेळी लागतं, पण ते गाडीत बसवत नाहीत. गाडीत बसतो तो सुटा भाग. त्याला कंपनं, उष्णता, पाऊस आणि वर्षानुवर्षांचा भार सोसायचा असतो, म्हणून त्याच्या कसोट्याच निराळ्या.

संशोधनाच्या कुपीतला रिसेप्टर हे गेज आहे. औषध हा सुटा भाग आहे.

या गेजचा उपयोग पुण्याच्या परिसरात प्रत्यक्ष होतो. मूळ जैविक औषधाचं पेटंट संपलं की दुसरी कंपनी त्याच्यासारखं औषध बनवू शकते, त्याला बायोसिमिलर म्हणतात. ल्युपिन कंपनीच्या पुण्यातल्या बायोटेक विभागानं इटानरसेप्टचं बायोसिमिलर विकसित केलं. त्याला २०१९ साली जपानमध्ये आणि २०२० साली युरोपीय संघात मान्यता मिळाली. पिंपरी-चिंचवडच्या शेजारी हिंजवडीत जेनोवा कंपनी रिकॉम्बिनंट प्रथिनांची औषधं बनवते. भारतात अशा औषधांसाठी २०१२ साली स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वं आली आणि २०१६ साली ती सुधारली गेली.

‘सारखं’ म्हणजे किती सारखं, हे सिद्ध करताना अशा रिसेप्टरांची गरज पडते. उदाहरण सांगतो. काही प्रतिपिंड औषधं आपल्या शेपटीनं प्रतिकारपेशींवरच्या सीडी-१६ या रिसेप्टरला धरतात. ही पकड मोजायची तर शुद्ध सीडी-१६ हवाच. त्यातही माणसामाणसांत फरक. या रिसेप्टरच्या १५८ व्या जागी काहींत व्हॅलिन असतं, काहींत फिनाइलॲलनिन, आणि व्हॅलिनवाल्याची पकड जास्त घट्ट असते. म्हणून प्रयोगशाळा दोन्ही प्रकार वापरतात. गेजच चुकीचं निघालं तर चांगला माल बाद होईल, किंवा त्याहून वाईट, खराब माल पास होईल. स्वस्त औषध रुग्णापर्यंत पोचण्याच्या वाटेवर ही छोटी कुपी अशी उभी असते.

प्रयोगशाळेत चाललं, रुग्णात चाललं नाही

आता मूळ प्रश्नाकडे. गेज इतकं अचूक आहे, तर त्यालाच औषध का म्हणू नये? याचं उत्तर १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय चाचणीत आहे.

सेप्टिक शॉक, म्हणजे जंतुसंसर्ग रक्तात पसरून रक्तदाब कोसळणं. यात टीएनएफ प्रचंड वाढतं. प्राण्यांत टीएनएफ आधीच अडवलं तर जीव वाचतो, असं १९८० च्या दशकात दिसलं होतं. तर्क सरळ होता: रिसेप्टर टोचा, टीएनएफ अडवा, रुग्ण वाचवा. अतिदक्षता विभागातल्या १४१ रुग्णांवर चाचणी झाली. ज्यांना औषधाऐवजी निष्क्रिय द्रव दिला, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण ३० टक्के. कमी मात्रेच्या गटातही ३० टक्के. मधल्या मात्रेला ४८ टक्के. आणि सर्वांत जास्त मात्रेला ५३ टक्के.

मात्रा वाढली तसे मृत्यू वाढले. रिसेप्टर शुद्ध होता, घडी बरोबर होती, टीएनएफला तो धरतच होता. गेज म्हणून तो शंभर टक्के पास होता. पण गंभीर संसर्गाच्या वेळी शरीराला टीएनएफची गरजही असते, आणि रुग्ण दवाखान्यात पोचेपर्यंत आजार पुढे सरकलेला असतो. खळग्यातल्या पेशीला हे माहीत नसतं.

तोच रेणू आमवातात मात्र उपयोगी ठरला. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सर्वांत जास्त मात्रेच्या गटात ७५ टक्के रुग्णांना ठरवलेल्या निकषाइतका आराम पडला, निष्क्रिय द्रवाच्या गटात १४ टक्क्यांना. प्रथिन तेच, पण आजार दुसरा, आणि निकाल अगदी उलटा. हे कुठल्याही प्लेटवरून आधी कळलं नसतं.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे, ती म्हणजे क्षयरोग. आपल्यापैकी अनेकांच्या शरीरात क्षयाचे जंतू झोपलेले असतात. भक्षक पेशी त्यांच्याभोवती कोंडाळं करून त्यांना बंदिस्त ठेवतात, आणि ते कोंडाळं टिकवायला टीएनएफ लागतं. टीएनएफ अडवलं की बंदिस्त क्षय उठू शकतो. इन्फ्लिक्सिमॅब या टीएनएफविरोधी प्रतिपिंडाबाबत २००१ साली क्षयाच्या ७० रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली, तेव्हा जग सावध झालं. इटानरसेप्टमध्ये हा धोका तुलनेनं कमी आहे, पण शून्य नाही. म्हणून ही औषधं सुरू करण्याआधी डॉक्टर छातीचा एक्स-रे आणि सुप्त क्षयाची तपासणी करायला सांगतात. ‘एवढ्या तपासण्या कशाला?’ असं वाटून त्या टाळू नका. आणि औषध चालू असताना बरेच दिवस ताप, खोकला राहिला किंवा वजन उतरू लागलं, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना सांगा.

शेवटी, हमखास विचारला जाणारा प्रश्न

अशा व्याख्यानानंतर कोणी ना कोणी विचारतंच: ‘संशोधनाची कुपी मागवली तर स्वस्तात काम होईल का?’

आधी साधा हिशेब करू. इटानरसेप्टची मोठ्या माणसाची नेहमीची मात्रा आठवड्याला ५० मिलिग्रॅम. आपल्या कुपीत १०० मायक्रोग्रॅम. म्हणजे एका आठवड्यासाठी ५०० कुप्या! पण हिशेब जमला असता तरी उत्तर ‘नाही’च आहे. त्या कुपीतला साधा तुकडा आणि शेपटी जोडलेलं इटानरसेप्ट हे शरीरात सारखं वागत नाहीत. ती कुपी शरीरात टोचण्यासाठी निर्जंतुक असल्याची हमी नसते. तिच्यातलं एंडोटॉक्सिन पेशींच्या प्रयोगाला चालेल इतपत कमी असतं, तुमच्या रक्ताला चालेल का हे कोणी तपासलेलं नसतं. एका घाणीतली कुपी आणि दुसऱ्या घाणीतली कुपी यांत फरक पडला, तर संशोधक प्रयोग पुन्हा करतो. रुग्णाला ती सोय नसते.

म्हणून ‘केवळ संशोधनासाठी’ या शब्दांकडे कंपनीनं हात झटकण्यासाठी लिहिलेली ओळ म्हणून पाहू नका. या प्रथिनाची कोणती परीक्षा झाली आहे आणि कोणती झालेली नाही, हे ती ओळ सरळ सांगते. आमवाताच्या रुग्णानं परवडणारं औषध हवं असेल, तर आपल्या डॉक्टरांना बायोसिमिलरबद्दल विचारावं. ती वाट खुली आहे, आणि ती मोकळी करण्यात या कुप्यांचाही हात आहे.

पुढच्या भागात आपण सीएचओ पेशींची टाकी आतून कशी चालते ते पाहू. एच. ए.मध्ये ज्यांनी फर्मेंटरवर नोकरी केली, अशा ज्येष्ठांनी त्या वेळी जरूर प्रश्न पाठवावेत, हवा आणि निर्जंतुकीकरण यांची त्यांची जाण तिथं थेट कामाला येईल.